संक्रांतीला येत नाहीये, म्हणून हे पत्र

गुहागर, 11 जानेवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा आईचं बीपी विचारून फोन ठेवला. पुण्यातल्या क्लासची नोकरी मी डिसेंबरअखेरीस सोडली. आता गुहागरला आहे. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं आणि त्यांच्या नोंदी ठेवायचं काम मिळालंय, मेअखेरपर्यंत. मानधन 18 हजार. क्लासमध्ये याच्या जवळजवळ दुप्पट मिळत होते, हे बाबा लगेच मनात मांडतील. पण भाडं आणि जेवण जाऊन इथे सात हजार उरतात, शिवाय साठवलेले आहेत. आई, पाटल्या मीच सोडवणार आहे. तो शब्द मी विसरलेले नाही.

रागावू नका. झूऑलॉजी घेतलं तेव्हा सगळ्यांनी दोनच वाटा सांगितल्या, बी.एड. किंवा लॅब. मिरजेच्या काकांचं तेव्हाचं बोलणं आई अजून मनात धरून आहे, मला माहितीये. पण चार वर्षं मी मुलांकडून बेडकाच्या हृदयाचे तीन कप्पे पाठ करून घेतले आणि माझा स्वतःचा हात एकाही जिवंत प्राण्याला लागला नाही. गेल्या वर्षी संशोधनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते (तुम्हाला मैत्रिणीच्या लग्नाला जातेय म्हणून सांगितलं होतं, चुकलं माझं). तिथे पहिलाच प्रश्न आला, फील्डवर किती काम केलंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम.एस्सी.चे मार्क कुणी विचारलेसुद्धा नाहीत. ते उत्तर मिळवायला मी इथे आलेय.

सोबत नेटचा, म्हणजे संशोधनासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा, अभ्यास चालू आहे, जूनमध्ये पेपर. दोनशे मार्कांचा, तीन तास. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला 37 हजार आणि वर घरभाडं, म्हणजे तुमच्याकडे एक रुपया मागावा लागणार नाही. वयाची काळजी नको, मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. आणि यूपीएससीच्या वनसेवेच्या परीक्षेलाही झूऑलॉजीची पदवी चालते. त्यात मुलींना चार तासांत 14 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. वाळूत रोज चालतेय, ते तर आत्ताच जमेल. मला भीती आहे ती नेटच्या पहिल्या भागाची, ती टक्केवारीची गणितं. बाबा, तिकिटांचा ट्रे मांडीवर घेऊन तुम्ही मला हिशेब शिकवायचात तसं पुन्हा शिकवा. रविवारी फोनवर दहा गणितं घ्यायची, ठरलं.

आता कामाचं सांगते. पहाटे इथले दोन कासवमित्र आणि मी निघतो. दोघंही बाबांच्या वयाचे आहेत, मला एकटीला कुठे सोडत नाहीत. कासविणीच्या पावलांचा माग वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटतो. तो संपतो तिथे काठी हलकेच रोवून बघायची, काठी भसकन खाली गेली की खाली घरटं. परवा मी पहिल्यांदा हात घातला. कोपरापर्यंत आत, दीड फूट, आणि बोटांना ओलसर, मऊ, पिंगपाँगच्या चेंडूएवढी अंडी लागली. 112 होती. एकेक काढताना वरची बाजू वरच ठेवायची, फिरवायचं नाही, नाहीतर आतला जीव मरतो. मग कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ती परत पुरायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतील. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त होतात, म्हणून तिचं तापमान रोज लिहायचं. ती वही माझ्याकडे आहे. फार जपून लिहिते.

आई, तुला कुंभार्ली घाटातली ती रात्र आठवते? बाबांची चिपळूण-कऱ्हाड गाडी, मी तुझ्या मांडीवर, आणि वळणावर गवा उभा. ड्रायव्हरकाकांनी दिवे बारीक केले. बाबांनी घंटी दिली नाही, सगळ्या गाडीला बोटानं गप्प बसवलं आणि मला उचलून काचेशी नेलं. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. बाबा, मी झूऑलॉजी घेतलं ते त्या रात्री.

जेवणाची काळजी करू नकोस. घरमालकीण मावशी तांदळाची भाकरी करतात, शेजारच्या काकू कुळथाचं पिठलं देऊन जातात. ज्वारीची भाकरी मिळत नाही, तेवढंच. खोलीला आतून कडी आहे, संडास-बाथरूम आतच आहे. समुद्रात मी उतरत नाही, शपथ.

आता तुम्ही ऐकायचं. आई, बीपीची गोळी उपाशी राहिलीस तरी चुकवायची नाही, उपासाच्या दिवशीसुद्धा. बाबा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी येईपर्यंत पुढे ढकलायचं नाही, पुतण्याला घेऊन जा, पैसे मी आजच पाठवलेत. आणि छपरावर चढायचं नाही. खापरी फुटली तर फुटू दे, माणूस बोलवा.

पिल्लं समुद्रात सोडतील तेव्हा मार्चमध्ये दोघांनी या. कऱ्हाडहून सकाळची चिपळूण गाडी धरा, पुढची गुहागरची मी स्टँडवर येऊन दाखवीन. बाबांना रस्ता माहीत आहे म्हणा. यंदा त्यांनी खिडकीत बसायचं. येताना तिळाच्या चार वड्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या आण.

तुमची,
बाळी