बारा वर्षे मोजायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात आंबाबागांच्या राखणीला आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून राबणाऱ्या नेपाळी कामगारांविषयी ‘आधार कार्ड मिळाले, म्हणजे ते इथले नागरिक झाले’ असे सर्रास बोलले जाते. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे आधार कायद्यातच नमूद आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना येथे राहून कमावण्याची मुभा आहे, परंतु नागरिकत्व हवे असल्यास रीतसर अर्जच करावा लागतो.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण किमान ११ वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते. (२०१९ च्या दुरुस्तीतील ११ ऐवजी ५ वर्षांची सवलत नेपाळहून आलेल्यांना नाही.) अडचण ११ वर्षांची नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी गावी जातात. वर्षाला दहा महिने धरले, तरी १४ वर्षांत १४० महिने, म्हणजे ११ वर्षे ८ महिने भरतात. अडते ते शेवटच्या १२ महिन्यांपाशी, कारण विशेष परिस्थितीत केंद्र सरकार त्यात फार तर ३० दिवसांची सूट देऊ शकते आणि बंदीचा काळ ६१ दिवसांचा आहे. एक पावसाळा गावी न जाता काढावा, तर त्या दोन महिन्यांची कमाई बुडालेली असतेच, वर खर्च चालू.

भाषेची अट त्यांना जड नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा पुरते, आणि १९९२ साली आपल्या कोंकणीबरोबर नेपाळीही त्या यादीत आली.

खरा प्रश्न पुराव्याचा आहे. बागेतल्या मांगरात (राखणीच्या खोपटात) राहणाऱ्याच्या नावे ना भाडेकरार असतो ना वीजबिल. उचल आणि पगार मालकाच्या वहीत, तोही बहुधा टोपणनावाने लिहिलेला. आम्ही बागायतदारांनी याची कधी फिकीर केली नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर येथे जन्मलेल्या मुलांचे आईवडील दोघेही नेपाळी असतील, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकूनही ती जन्माने भारतीय ठरत नाहीत.

ग्रामपंचायतींनी अशा कुटुंबांची वास्तव्याची नोंद दरवर्षी ठेवून त्यांना रहिवासी दाखला द्यावा आणि रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयांनी अर्जाची माहिती मराठीत बंदरांवर लावावी, ही विनंती.

आपला,
एक आंबा बागायतदार, देवगड