पडदे रंगवणाऱ्याने पडदा का सोडला

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो आधी मोबाइलवर पाहिले, मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांचे मोठे प्रिंट काढून घेतले. मोबाइलवर सगळंच गोड दिसतं. सिनेमा, इमारत आणि हातकाम यांतून काही घेऊन एक वस्तू घडवायची, असा तुमच्या कॉलेजचा यंदाचा विषय. तू कोल्हापुरीची वेणी उशीवर छापलीस, मुंबईच्या जुन्या थिएटरांच्या दर्शनी भागावरच्या उभ्या रेषा दिव्याच्या शेडवर आणल्यास आणि प्रभात फिल्म कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी कोपऱ्यात बसवलीस. आईला फार आवडलं. दुकानात ठेवलं तर हातोहात खपेल म्हणाली. खपेलही. पण "बाबा, खरं सांगा" असं तूच लिहिलं आहेस, म्हणून सांगतो. वेणी काय, रेषा काय आणि तुतारी काय, सगळी वरवरची चित्रं झाली आहेत. ती मूळ वस्तू कशी उभी राहते, कशी टिकते, तशी का दिसते, याचा तुझ्या कामात कुठे पत्ता लागत नाही.

तुला परदेशातली उदाहरणं सर देतीलच. मी आपल्या गावातलं देतो. बाबूराव पेंटर. नाव तू लहानपणापासून ऐकलं आहेस, म्हणूनच बहुधा कधी नीट ऐकलं नसशील.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म 1890, कोल्हापूर. आडनावातच धंदा आहे बघ. घरात लाकूडकाम, कोरीवकाम, मूर्तिकाम. ते आणि त्यांचे आतेभाऊ की मामेभाऊ, नात्याचं सोड, आनंदराव, हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे त्यांनी रंगवले. राजवाडा, रस्ता, जंगल, बाग. पडदा वरून सोडला की जागा बदलली. त्या काळी लोक नुसत्या पडद्यालाही टाळ्या द्यायचे म्हणतात.

मग फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. परदेशी कॅमेरा घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा कॅमेरा घरीच बनवायचा ठरला. 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. पैसा उभा केला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. 'सैरंध्री' 1920 मध्ये लागला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

इथवर सगळं शाळेच्या पुस्तकातलं. मला सांगायचं आहे ते पुढे. या माणसाची उभी हयात पडदे रंगवण्यात गेलेली, आणि सिनेमा करायला घेतल्यावर त्याने पहिल्यांदा सोडला तो पडदाच. रंगवलेला राजवाडा बाजूला सारून खरे खांब, खरी दारं असलेले, आत शिरता येतील असे सेट उभे करायला घेतले. का?

बाबूरावांनी याचं कारण कुठे लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. मी आपला बॅनर रंगवणाऱ्याच्या अकलेने सांगतो. पडदा रंगवताना सावली रंगातच घालावी लागते. खांब गोल दिसायला हवा तर एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिका. म्हणजे उजेड कुठून येतोय हे चित्र काढतानाच ठरून जातं, आणि ते कायमचं. नाटकात हे चालून जातं. दिवे ठरल्या जागी, प्रेक्षक ठरल्या जागी. पण त्या वेळचं शूटिंग उन्हात व्हायचं. सकाळी ऊन पूर्वेकडून, दुपारी डोक्यावर, आणि राजवाड्याच्या खांबांची सावली मात्र होती तिथेच. वर नट पडद्याच्या जवळ गेला की त्याची सावली पडणार थेट महालाच्या गच्चीवर! सगळा राजवाडा कापडाचा आहे हे तेवढ्यात उघड. हे सगळ्यांत आधी कुणाच्या डोळ्याला खुपणार? ज्याने अशा सावल्या आयुष्यभर हाताने घातल्या त्याच्याच. पुढे 'सिंहगड'मध्ये, 1923 साली, त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. उजेड आपल्या हातात घेतला म्हण ना.

आणि हातातली कला त्यांनी टाकून दिली असंही नाही. ती जिथे शोभेल तिथे नेली. प्रसंगांची आणि पोशाखांची चित्रं आधी काढायची आणि मग शूटिंग करायचं, ही त्यांची रीत. सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवायचे. 'कल्याण खजिना'चं 1924 चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सगळ्यांत जुन्या भारतीय पोस्टरांत धरतात. त्यांच्या हाताखालून दामले, फत्तेलाल, शांताराम निघाले, त्यांनी 1929 मध्ये इथेच प्रभात काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला नेली. तुझी तुतारी तिथली. प्रभातचे सेट फत्तेलालांचे, आणि फत्तेलाल मुळात चित्रकार. तुतारीवाली बाई कागदावर उमटवण्याआधी हे ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

आता माझ्या धंद्याचं थोडं. तू लहान असताना फ्लेक्स आला, त्यामुळे तू मला दुकानाच्या पाट्या रंगवतानाच पाहिलंस. त्याआधी आम्ही थिएटरचे बॅनर करायचो. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचं, त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचा हात द्यायचा. वितरकाकडून आलेल्या फोटोवर चौकोन आखायचे, तितकेच पण मोठे चौकोन कापडावर, आणि कोळशाने एकेक चौकोन उतरवत जायचं. दहा फुटी चेहरा रंगवताना माणसाला चेहरा दिसतच नाही. नाकपुडी दिसते, नाहीतर भुवई. म्हणून दर थोड्या वेळाने शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं.

खलनायकाच्या हनुवटीखाली आम्ही सरळ हिरवा मारायचो, नायिकेच्या गालाच्या कडेला निळा. जवळून बघणाऱ्याला वाटायचं, पेंटर पिऊन आलाय. पण रस्त्यापलीकडून, एसटीच्या खिडकीतून, तोच हिरवा सावली व्हायचा आणि चेहरा पुढे यायचा. कुणी शिकवलं? उस्तादांनी. उस्तादांना कुणी? त्यांच्या उस्तादांनी. पुस्तक नव्हतं. रंग महाग, वेळ कमी, बघणारा लांब, आणि बॅनर शुक्रवारी चढलाच पाहिजे. त्या अडचणींतून ती शैली झाली. आता तुमच्याकडची पोरं तोच हिरवा-निळा चेहरा कॉफीच्या कपावर छापतात आणि त्याला 'रेट्रो' म्हणतात. कप वीतभर अंतरावरून बघायचा असतो! तिथे त्या हिरव्याला कामच काय?

या बॅनरवाल्यांतला एक तुझ्या तिथे अहमदाबादेत काम करून गेला आहे. मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा, 1915 चा, आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलेला. त्यांच्या चित्रातली ती लांबून ओळखू येणारी जाड, बेधडक रेघ मला तरी शिडीवरचीच वाटते. समीक्षक काय म्हणतात ते म्हणोत.

तुझ्या होस्टेलपासून फार लांब नाही, सेप्ट या वास्तुकलेच्या विद्यापीठाच्या आवारात त्यांची आणि वास्तुकार बाळकृष्ण दोशींची गुफा आहे, म्हणजे चित्रांचं दालन. तिथे तू मैत्रिणींबरोबर कॉफी प्यायला जातेस हे मला ठाऊक आहे. आता कामाला जा. दोशी 1927 चे, पुण्यात जन्मलेले, आणि त्यांच्याही घरात पिढीजात फर्निचरचा धंदा. वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय, 2018 मध्ये. दोघेही आपल्या मातीतले आणि गाठ पडली साबरमतीकाठी.

ती गुफा फेरोसिमेंटची आहे. लोखंडाची जाळी वाकवायची आणि त्यावर सिमेंटचा पातळ थर हाताने थापायचा. आकाराचं गणित संगणकावर झालं, पण उभं केलं ते स्थानिक आदिवासी मजुरांनी, साध्या हत्यारांनी, खालून फळ्यांचा साचा न लावता. कवच जेमतेम इंचभर जाडीचं. घुमटावर घुमट टेकलेले असल्यामुळे एवढ्या पातळ अंगानेही ते उभं राहतं. वरून फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवली आहे. त्यात काळ्या तुकड्यांचा एक नागही सरपटत गेलेला आहे. मोठी सपाट लादी त्या वळणावर बसलीच नसती, तुकडाच हवा. शिवाय पांढरा तुकडा अहमदाबादचं ऊन परतवतो. म्हणजे नक्षी दिसते ती नक्षी म्हणून लावलेली नाही, हे तुला उशीवर वेणी छापण्याआधी बघायला पाहिजे होतं.

आत गेलीस की भिंत सरळ नाही, जमीन सपाट नाही, खांब झाडाच्या बुंध्यासारखे वाकडे. अशा जागेत चित्र टांगणार कुठे? हुसेननी भिंतीवरच रंगवलं, आणि पत्र्याची माणसं कापून खांबांमध्ये उभी केली. छताला वर सोंडेसारखी तोंडं काढली आहेत, त्यांतून उजेडाचे गोल आत पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. ज्या सरकत्या उजेडाने कोल्हापूरच्या पेंटरला छळलं असेल, तो इथे मुद्दाम मोकळा सोडलाय. तिथे एका कोपऱ्यात बैस. वही उघड, मोबाइल बंद ठेव. एक उजेडाचा गोल पकड आणि दर अर्ध्या तासाने तो कुठे आहे, कशावर चढला, कुठे मोडला ते काढ.

आता चपलेचं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इथे केवढा गदारोळ झाला तो तू पाहिलास. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहिलं, मग कंपनीने मूळ भारतीय हातकामाचं आहे हे मान्य केलं. 2019 पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. तेव्हा तूच तावातावाने फोनवर बोलत होतीस. मग तुझ्या बोर्डवर वेणीखाली कारागिराचं नाव, गावाचं नाव, काहीच कसं नाही? रागावून म्हणत नाही. पण परीक्षक हे विचारतील, आणि त्यांनी नाही विचारलं तरी मी विचारतोच आहे.

आणि वेणीच का? कोल्हापुरीत बघण्यासारखं बाकी किती आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं. खिळा नाही, शिवण कातड्याच्याच वादीची. तळाला शिवलेले दोन कान पट्ट्याला धरून ठेवतात आणि सगळा ताण तिथे येतो. नवी चप्पल चावते, मग तेल पाजून, वापरून ती पायाची होते. दुसऱ्याने घातली तर त्याला पुन्हा चावते. ही वस्तू वापरणाऱ्याच्या अंगाने आकार घेते, हे मला छापील वेणीपेक्षा शंभरपट कामाचं वाटतं.

माझं मत विचारशील तर उशी काढून टाक आणि शेड ठेव. एवढ्या वस्तू कशाला, एकीतच पुष्कळ काम आहे. उभ्या रेषा पुसून टाक, आणि शेड जोडायची कशी तिथून सुरुवात कर. डिंक नको, खिळा नको, वादीने किंवा दोऱ्याने शिव. जोड येईल तिथून उजेड निसटेल. तो लपवायचा की दाखवायचा हे तू ठरव. मग खोलीत अंधार करून दिवा हातात घेऊन हलव, आणि मैत्रिणीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी करून तिला काय दिसतं ते विचार. चार शेड वाया जातील. जाऊ देत, सामानाचे पैसे मी पाठवतो. आईला सांगू नकोस, तिने फीच्या हिशेबाची वही पुन्हा काढली आहे.

दिवाळीत आलीस की खिद्रापूरला जाऊ. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. त्याचा स्वर्गमंडप 48 खांबांचा आणि छत मधोमध गोल उघडं, खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर वर येतो म्हणून लोटच्या लोट येतात, पण तोवर तू परत गेलेली असशील आणि त्या गर्दीत काही दिसतही नाही. आपण भर दुपारी जायचं. मे महिन्यात उन्हाची तबकडी मधल्या शिळेवर पडते. कार्तिकात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे ती उत्तरेच्या खांबांकडे सरकलेली असेल. किती सरकते ते पावलांनी मोजू. गुफेतली वही बरोबर आण, आणि टेपही. माझी टेप गेल्या महिन्यात कुणी तरी नेली ती परत आलेली नाही.

तुझा,
बाबा