पेन्सिलची गोष्ट अर्धीच का छापता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत विनोदी सिनेमांतल्या चुकांवर पान भरून मजकूर आला होता, त्यात 'थ्री इडियट्स'वर बरंच काही होतं. लेख मजेशीर होता, आमच्या घरात सगळ्यांनी वाचला, पण एका मुद्द्यावर गप्प बसवेना म्हणून लिहितोय. लेखकाने सगळ्या चुका एका माळेत ओवल्यात, म्हणजे एका शॉटमध्ये केस ओले आणि पुढच्या शॉटमध्ये कोरडे हेही तिथेच आणि विज्ञानाच्या चुकाही तिथेच. आणि कहर म्हणजे अंतराळातल्या पेनचा किस्सा 'सिनेमाने अगदी बरोबर सांगितलेल्या गोष्टी' म्हणून चौकटीत टाकलाय. अमेरिकेने पेनावर करोडो डॉलर उडवले आणि रशियाने पेन्सिल वापरली, असं त्या चौकटीत ठळक अक्षरात छापलंय. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, हा किस्सा अकरावीच्या प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी ऐकवतंच आणि आता तो पेपरात छापून आलाय म्हटल्यावर मला मुलांशी वाद घालणं अजून अवघड होणार आहे.

आधी कंटिन्युइटीच्या चुकांचं. त्यांचं मला काही वाटत नाही. सिनेमा ओळीने शूट होत नाही, आधीचा सीन नंतर आणि नंतरचा आधी, एकाच सीनचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी, मग कुठे कॉलर वर राहते कुठे ग्लासातलं पाणी वाढतं, त्यावर लक्ष ठेवायला माणूस असतो तरी सगळं सापडत नाही. एडिटरला चांगली अ‍ॅक्टिंग आणि जुळणारी कॉलर यात निवडायचं असेल तर त्याने अ‍ॅक्टिंगच निवडावी. आमिर खान ४४ वर्षांचा असून फर्स्ट इयरचा विद्यार्थी झालाय यावरही लोक हसतात, हसू देत. दिल्लीचं कॉलेज म्हणून बंगलोरचं आयआयएम दाखवलंय ही तर चूकच नाही, सिनेमात असं चालतंच, उलट ते दगडी कॉरिडॉर पडद्यावर काय देखणे दिसतात! ती इमारत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची, आणि दोशींचा जन्म पुण्याचा, हे तुमच्या लेखात आलं असतं तर वाचणाऱ्याला काहीतरी नवीन मिळालं असतं. काळाचा घोळ मात्र आहे. वर्गातला घोकंपट्टीवाला चतुर दहा वर्षांनी भेटायची पैज लावतो, सिनेमातला 'आज' २००९ धरला तर कॉलेजचे दिवस २००० च्या आसपासचे येतात, आणि तेव्हा बाळंतपणाच्या सीनमध्ये भर पावसात, वादळात, वेबकॅमवर इतकं स्वच्छ चित्र येत होतं हे ज्यांनी त्या काळातलं फोनच्या लाइनवरचं डायल-अप इंटरनेट वापरलंय त्यांना तरी पटणार नाही. पण हेही सोडून देऊ, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

आता पेन. व्हायरस म्हणजे कॉलेजचा डायरेक्टर वीरू सहस्रबुद्धे पहिल्याच भाषणात पोरांना तो पेन दाखवतो, सांगतो की अंतराळात फाउंटन पेन चालत नाही, बॉलपेन चालत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी लाखो डॉलर खर्च करून हा बनवला. रँचो, म्हणजे आमिर खान, उभा राहून विचारतो, मग पेन्सिल का नाही वापरली? हॉल गप्प, थिएटरमध्ये टाळ्या. प्रश्न उत्तमच आहे, माझ्या वर्गात कोणी असा विचारला तर मला आनंदच होईल. पण त्याचं खरं उत्तर फार छान आहे आणि ते कोणी सांगतच नाही.

पेन्सिल वापरलीच होती! अमेरिकन आणि रशियन दोघंही आधी पेन्सिलीच वापरत होते. १९६५ मध्ये नासाने ह्यूस्टनच्या एका कंपनीकडून ३४ मेकॅनिकल पेन्सिली घेतल्या, एकेक पडली १२८.८९ डॉलरला, हा आकडा बाहेर आला तेव्हा तिकडे भरपूर आरडाओरडा झाला. म्हणजे खर्चावरून जी बोंब झाली ती पेनावरून नव्हे, पेन्सिलीवरून झाली होती. आणि पेन नासाने बनवलेलाच नाही. पॉल फिशर नावाच्या पेनवाल्याने स्वतःच्या कंपनीचे साधारण दहा लाख डॉलर घालून तो बनवला, १९६६ मध्ये पेटंट मिळवलं, मग नासाने तपासून तपासून ४०० पेन घेतले. एका पेनची किंमत २.३९ डॉलर! अडीच डॉलरसुद्धा नाही. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये अपोलो ७ वर तो पहिल्यांदा वर गेला. आणि पुढच्याच वर्षी १०० पेन आणि १००० रिफिल कोणी मागवल्या तर रशियाने, त्यांच्या सोयूझ यानांसाठी. ज्या रशियाच्या शहाणपणाचे व्हॉट्सअ‍ॅपवर इतके गोडवे गातात त्यांनी तोच पेन त्याच भावाने घेतला, हे चौकटीत कुठेय?

त्या पेनात काय आहे तेही सांगतो कारण खरी मजा तिथे आहे. रिफिल बंद, आत नायट्रोजन वायू दाबाने भरलेला, तो शाईला पुढे ढकलत राहतो, म्हणजे शाई खाली यायला गुरुत्वाकर्षण लागतच नाही. शाई घट्ट जेलीसारखी, एरवी जागची हलत नाही, टोकाची गोळी फिरली की तेवढ्यापुरती पातळ होते. गोळी टंगस्टन कार्बाइडची. साधा बॉलपेन घ्या, कागद डोक्याच्या वर धरून खालून वर लिहून बघा, थोड्या वेळात शाई तुटते, कारण शाईचं वजन तिला टोकापासून लांब ओढतं. मी हे वर्गात करून घेतो आणि मग पुढचा प्रश्न टाकतो, की अंतराळयानात तर वजनच जाणवत नाही, मग साधा पेन चालेल की नाही? बहुतेक सगळे नाही म्हणतात. चालतो! स्पेनचा अंतराळवीर पेद्रो दुके २००३ मध्ये स्पेस स्टेशनवर साध्या बॉलपेनने लिहीत होता आणि त्याने ते स्वतः सांगितलंय. शाईला मागे ओढणारं काही नसतं, आणि बारीक नळीत ती आपसूक पुढे सरकते. म्हणजे व्हायरसचं पहिलं वाक्यच कच्चं होतं, रँचोने तिथेच पकडायला हवा होता.

आणि एक गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर पत्र लिहायला बसलो. सिनेमाने स्वतःच शेवटी उत्तर दिलंय हो! व्हायरसच्या मोठ्या मुलीच्या, मोनाच्या बाळंतपणानंतर व्हायरस रँचोला पेन देतो तेव्हा सांगतो की तू चुकला होतास, पेन्सिलचं टोक मोडलं तर तो तुकडा तरंगत राहील, डोळ्यात जाईल, नाकात जाईल, यंत्रात जाईल. हे खरं आहे, ग्राफाइट विजेचा वाहक, सर्किटमध्ये कण गेला तर शॉर्ट होऊ शकतं, शिवाय पेन्सिलचं लाकूड आणि शिसं दोन्ही जळणारं. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या चाचणीत केबिनमध्ये आग लागून तीन अंतराळवीर गेले, त्यानंतर आत काय काय पेट घेऊ शकतं याचा किती विचार झाला असेल. म्हणजे दिग्दर्शक हिरानींनी हिरोला चूक ठरवून दाखवलं, तेही ज्या प्राध्यापकाला अख्खा सिनेमाभर हसलो त्याच्या तोंडून. केवढी मोठी गोष्ट आहे ही विनोदी सिनेमात! पण आपल्या लक्षात राहिला फक्त पहिला अर्धा भाग, टाळ्यांचा, आणि तुमच्या चौकटीतही तेवढाच आला. जो सिनेमा तीन तास ओरडून सांगतो की घोकू नका, त्याचाच डायलॉग आपण घोकतोय.

तसंच सर वर्गात विचारतात त्या मशीनच्या व्याख्येचं. जी माणसाचे श्रम कमी करते ती मशीन, ही रँचोची व्याख्या सोपी आणि चांगली, सरांनी त्याला बाहेर काढायला नको होतं, पण चतुरने म्हटलेली व्याख्या चुकीची नव्हती. यंत्र बल आणि गती इकडून तिकडे पोचवतं, त्यात बदल करतं, हे त्या अवघड वाक्यात होतं. 'श्रम कमी होतात' एवढंच लिहून पोरं थांबतात आणि कप्पीच्या गणितात अडकतात, कारण बल कमी लागलं तरी दोरी जास्त ओढावी लागते, काम तेवढंच राहतं. समजून न घेता पाठ करणं वाईट, व्याख्या वाईट नाही, हा फरक मुलांपर्यंत पोचलेलाच नाही.

बाळंतपणाच्या सीनला मात्र तुमच्या लेखकाने सगळ्यात जास्त झोडपलंय, आणि तिथे मी सिनेमाच्या बाजूने आहे. टेबल टेनिसच्या टेबलावर व्हॅक्यूम क्लीनरने मूल बाहेर काढणं अशक्य आहे हे खरं, दवाखान्यात बाळाच्या डोक्याला लावायच्या व्हॅक्यूमच्या कपाला चौरस सेंटिमीटरला ०.८ किलोच्या आसपास दाब लागतो, घरातला क्लीनर साधारण त्याच्या पावपटच ओढतो, आणि मूल काही नुसत्या हवेने बाहेर येत नाही, आईच्या कळेबरोबर डॉक्टर हाताने ओढतात. नंतर बाळ रडत नाही तेव्हा 'आल इज वेल' म्हणून चालत नाही, पुसायचं, पाठ चोळायची, तरी श्वास नाही घेतला तर पहिल्या मिनिटातच मास्कने हवा द्यायची. पण हे बघून कोणी घरी क्लीनर काढणार आहे का? कोणीही नाही. सगळ्यांना कळतं की हा सिनेमा आहे. उलट व्हॅक्यूमने बाळंतपण करतात ही पद्धत खरी आहे, १९५० च्या दशकात स्वीडनच्या माल्मस्ट्रॉम नावाच्या डॉक्टरने तो कप बनवला, हे त्यानिमित्ताने लोकांना कळलं तर चांगलंच.

मला भीती वाटते ती ज्या गोष्टी पोरं खरंच करून बघतात त्यांची. रॅगिंगच्या सीनमध्ये चमचा, पट्टी आणि वायर जोडून दाराखालून करंट सोडतात, दारावर लघवी करणाऱ्या सीनियरला झटका बसतो, आणि वर सांगतात की मिठाचं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं, आठवीचं फिजिक्स. तत्त्व बरोबर. पण लघवीची धार खाली पडताना तुटते, थेंब थेंब होतात आणि मध्ये हवा आली की करंट पोचत नाही, अमेरिकेतल्या 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी रेल्वेच्या विजेच्या रुळासाठी हेच तपासून दाखवलंय. आणि समजा धार तुटली नाही, तर मग तो झटका हसण्यासारखा नसतो. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात, गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत गेली की सप्लाय तोडणारा स्विच बसवतात तो काय उगाच? त्याच्या दोन-तीन पट करंट छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जागच्या जागी जातो. हॉस्टेलवर राहणारी मुलं हा सीन बघतात, मोबाईलवर तुकडा कापून पाठवतात, खाली कोणी एक ओळ लिहीत नाही.

तसंच पँगाँग. सिनेमा आल्यापासून आपल्याकडून लडाखला जाणाऱ्यांची रीघ लागलीय, तिथे पिवळी स्कूटर आणि सिनेमाच्या पोस्टरवरच्या त्या तीन सीट ठेवून फोटो काढून देतात, लोक हौसेने काढतात, काढावेत. पण सिनेमात नवरीच्या कपड्यात करीना तिथे स्कूटर फिरवते, सगळे धावतात, एकमेकांना पळवून पळवून मारतात, आणि कोणाला धाप लागत नाही. तळं सव्वाचार हजार मीटरवर आहे, तिथे श्वासाला समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच ऑक्सिजन मिळतो, वाटेतली 'चांग ला' ही खिंड तर ५३०० मीटरच्या वर. मुंबई-पुण्याहून विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरायचं आणि दुसऱ्याच दिवशी पँगाँगला निघायचं असे पॅकेज टूरचे कागद मी डोळ्याने पाहिलेत, आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपमधल्या काकूंना अशाच घाईत उलट्या सुरू होऊन अर्ध्या वाटेवरून खाली आणावं लागलं. लेहला किमान दोन दिवस नुसतं पडून राहायचं, डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या तर वर जायचं नाही, खाली उतरायचं, हे तुमच्या पर्यटनाच्या पानावर त्या स्कूटरच्या फोटोशेजारी छापायला किती जागा लागेल?

सिनेमा मला आवडतो हे वेगळं सांगायला नको, परवा टीव्हीवर लागला तेव्हा जाहिरातींसकट शेवटपर्यंत बघितला. विनोदी सिनेमाने विज्ञानाचं पुस्तक व्हावं असं माझं म्हणणं नाही. म्हणणं तुमच्याशी आहे. चुकांचा लेख छापताना ओले केस आणि २३० व्होल्ट एकाच यादीत नकोत, आणि पेनाच्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यावी. मजकूर वर दिलाच आहे, वाटलं तर तसाच घ्या, माझं नाव नको. फिशर, ४०० पेन, २.३९ डॉलर, अपोलो ७ आणि रशियाचे १०० एवढं आलं तरी पुरे, कात्रण मी वर्गातल्या नोटीस बोर्डवर लावतो.

आपला,
फिजिक्सचा एक शिक्षक, सातारा