तलावाच्या बांधाकडे आधी बघा

महोदय,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या तलावावर रविवारी बेळगावहून माणसं फिरायला येतात. काठाला बाकडी बसली, दिव्यांचे खांब लागले, आनंदच आहे. पण हे सगळं ज्या मातीच्या बांधावर उभं आहे, त्याची विचारपूस कुणीच करत नाही. दिवाळीत तलाव तुडुंब असताना बांधाच्या पायथ्याशी पाझर दिसला. ओंजळीत पाणी घेतलं, तर तळाशी बारीक लाल माती उतरली. नितळ पाझर एक वेळ चालतो. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून पोखरतोय. जादा पाणी जायची वाट म्हणजे सांडवा, त्यात तर घाणेरीची झुडपं माजलीत. तो तुंबला की पाणी बांधावरून वाहणार, आणि मातीचा बांध ते सोसत नाही. जुलै २०१९ मध्ये कोकणातलं तिवरे धरण रात्रीत फुटलं, माणसं वाहून गेली. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १० मीटरपेक्षा कमी उंचीचे बांध येतच नाहीत. मग आमच्या बांधाला वाली कोण? संबंधित खात्याने येत्या पावसाआधी अभियंता पाठवावा, सांडवा मोकळा करावा आणि तपासणीची तारीख कन्नड-मराठी फलकावर लावावी. बांधाखालच्या वस्तीत लहान मुलं आहेत.

– एक ग्रामस्थ, ता. खानापूर, जि. बेळगाव