राहुकाळ छापताना गावही सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील पंचांगाच्या सदरात रोज राहुकाळाची वेळ दिलेली असते. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा अशा या वेळा बाराही महिने आणि मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत एकच असतात. ज्या शास्त्राच्या आधारे त्या छापल्या जातात, त्या शास्त्राच्याच गणितात त्या बसत नाहीत, याकडे आपले लक्ष वेधायचे आहे. राहुकाळ खरोखर अशुभ असतो का, हा वाद येथे उकरून काढण्याचा हेतू नाही. या बाबतीत मी स्वतः फारसा श्रद्धाळू नाही, हे मात्र आधीच सांगितलेले बरे.

स्थानिक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समान भाग करायचे आणि सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा व रविवारी आठवा भाग राहुकाळ मानायचा, अशी ही रीत आहे. सूर्य बरोबर सहाला उगवून सहाला मावळला, तर प्रत्येक भाग दीड तासाचा होतो आणि आपल्या सदरातील वेळा जुळतात. मुंबईत असा दिवस वर्षभरात एकदाही येत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे सूर्योदय सातनंतर सुमारे १२ मिनिटांनी आणि सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो; म्हणजे सोमवारचा राहुकाळ साडेआठनंतर सुरू होऊन दहाच्या सुमारास संपतो. सदर वाचून नऊ वाजेपर्यंत थांबलेला श्रद्धावान मुंबईकर ज्या वेळेला टाळू पाहतो, नेमक्या त्याच वेळेत कामाला हात घालतो. जुलैच्या आरंभी दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि तेव्हा हाच भाग जवळजवळ १०० मिनिटांचा होतो.

शुभ मानल्या जाणाऱ्या अभिजित मुहूर्ताची गत याहून वाईट आहे. दिवसाच्या पंधरा भागांपैकी हा आठवा भाग, म्हणजे खऱ्या मध्यान्हीच्या अलीकडचा आणि पलीकडचा काळ. ठोकळ हिशेबाने तो ११.३६ ते १२.२४ असा सांगितला जातो. फेब्रुवारीच्या मध्यास मुंबईत सूर्य मध्यावर येतो तोच १२.५० नंतर, त्यामुळे सांगितलेला अभिजित संपून गेल्यावर खरा अभिजित सुरू होतो!

हा घोळ आपल्या घड्याळामुळे झाला आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३९ मिनिटे, तर नागपूरची सुमारे १४ मिनिटे मागे असते. एकाच राज्यात हा २५ मिनिटांचा फरक आहे. लग्नराशी, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, तेव्हा विवाहमुहूर्तासाठी हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. पूर्वी लग्नघरी घंगाळातील पाण्यावर बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडून २४ मिनिटांची घटिका मोजत आणि ती मोजणी त्या गावच्या सूर्योदयापासून होत असे. स्थळ त्या रीतीतच अंतर्भूत होते, वेगळे सांगावे लागत नव्हते. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तेव्हापासून ते सांगणे आवश्यक झाले. भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांगही आपले गणित ८२° ३०′ पूर्व रेखांश आणि २३° ११′ उत्तर अक्षांश या मध्यवर्ती स्थानासाठी असल्याचे स्पष्ट करते. वर्तमानपत्राने एवढी काळजी घेऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

माझी विनंती अशी की, प्रत्येक आवृत्तीत त्या शहराचा सूर्योदय व सूर्यास्त द्यावा आणि राहुकाळ, अभिजित, चौघडिया (दिवसाचे आठ शुभ-अशुभ भाग) यांच्या वेळा त्यावरून काढून शेजारी शहराचे नाव छापावे. संगणकाला हे काम क्षणाचे आहे. जागा अपुरी असल्यास केवळ सूर्योदय-सूर्यास्त रोज द्यावेत आणि वारांप्रमाणे भागांचा तक्ता आठवड्यातून एकदा छापावा. ज्यांना वेळ पाळायची आहे, ते आठने भागाकार करून घेतील.

आपला,
एक नियमित वाचक