रुग्णवाहिका दारात उभी आहे, पाळीला कोण आहे?

संपादक महोदय,

वर्गणी गोळा करून छोट्या वस्तीची रुग्णवाहिका घेतली जाते तेव्हा उत्साहाला तोटा नसतो. स्वयंसेवकांच्या यादीत भराभर नावे लागतात. काही महिन्यांनी भर दुपारी फोन येतो आणि गाडीजवळ कोणीच नसते. मग लोकांच्या आळसाला नावे ठेवली जातात. आमच्या मते दोष हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब गाडी घेण्याआधी मांडायला हवा.

एक गाडी चोवीस तास तयार ठेवायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास भरायचे. बारा तासांच्या १४ पाळ्या, प्रत्येक पाळीला एक चालक आणि रुग्णाजवळ बसणारा एक, म्हणजे २८ जागा झाल्या. प्रत्येकाने आठवड्याला एक पाळी दिली तरी आजारपण, परीक्षा, घरची कार्ये धरता चाळीसेक माणसे लागतात. रात्री आणि सुट्टीच्या पाळ्या त्या मानाने सहज भरतात. घोडे पेंड खाते ते कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्या वेळेला बारा तासांची पाळी मागूच नये, चार-चार तासांचे तुकडे करावेत. निवृत्त मंडळी, घरून काम करणारे, रात्रपाळीचे कामगार यांच्याकडे आधी जावे. नोकरदार स्वयंसेवकाच्या वरिष्ठांशी अगोदरच बोलून ठेवावे, कारण फोन वाजल्यावर रजा मागणे शक्य नसते.

ज्यांना रक्त पाहवत नाही, त्यांनीही मागे राहू नये. पाळीपत्रक लावणे, फोन घेणे, साहित्याच्या मुदती पाहणे आणि रोजची तपासणी ही कामे वस्तीतच बसून होतात. आमचा अनुभव असा की सेवा बंद पडते ती बहुधा याच कामांना माणूस नसल्यामुळे.

तपासणी वहीत नुसती ‘ऑक्सिजन आहे’ अशी खूण करून काहीच कळत नाही, आकडा लिहावा. सिलिंडरचे पाण्याचे माप (त्यात मावेल तेवढे पाणी) १० लिटर आणि गेजवर दाब १५० बार असेल तर आत साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. पिशवीच्या मास्कला मिनिटाला १० ते १५ लिटर लागतात, म्हणजे पंधराच्या प्रवाहाने तो १०० मिनिटे पुरेल. काटा ५० वर आला की उरले ५०० लिटर, जेमतेम ३३ मिनिटे. रुग्णालय चाळीस मिनिटांवर असेल तर ते सिलिंडर रिकामेच समजावे आणि बदलावे. प्रवाह कमी करून ऑक्सिजन वाचवायला जाऊ नये. रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा मास्कची पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर त्याला पुरेसे मिळत नाही. पिशवी आधी फुगू द्यावी, मग मास्क चढवावा. रेग्युलेटरमधून गळती होते ती बहुतेक वेळा झिजलेल्या किंवा हरवलेल्या वॉशरमुळे. दोन वॉशर जादा ठेवावेत आणि सिलिंडर उघडायची किल्ली साखळीने तिथेच अडकवावी. जोडणी घट्ट बसते म्हणून तेल किंवा ग्रीस लावणाऱ्याला वेळीच थांबवावे, दाबाखालच्या ऑक्सिजनशी संबंध आला की ते पेट घेते.

सक्शन मशीन (रुग्णाच्या घशातली लाळ, उलटी ओढून काढणारे यंत्र) चालू झाल्याचा आवाज आला म्हणजे ते ओढते आहे असे नाही. नळीचे तोंड अंगठ्याने दाबून काटा चढतो का पाहावे, मग पेलाभर पाणी ओढून पाहावे. बरणीचे झाकण तिरके बसले असले तरी मोटर छान घरघरत राहते. एईडीचा, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, दिवा हिरवा असला तरी छातीवर चिकटवायच्या पॅडच्या पाकिटावरची मुदत वाचावी. एईडीच्याच पिशवीत रेझर आणि कोरडा टॉवेल ठेवावा. ओल्या किंवा केसाळ छातीवर पॅड धरत नाहीत.

गाडी कमी धावते म्हणून कमी बिघडते हाही गैरसमजच. उभ्या गाडीची बॅटरी आतल्या उपकरणांमुळे उतरते, टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते. डिझेल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नये.

सायरनबद्दल स्पष्टच लिहितो. त्याने वाचतात ती थोडी मिनिटे, आणि चौकात लाल दिव्याला न थांबता घुसल्याने होणारे अपघात ती सहज खाऊन टाकतात. चौकात गाडी थांबवावी, प्रत्येक बाजू मोकळी झाल्याची खात्री करावी आणि मगच निघावे. मागे बसणाऱ्याने पट्टा लावावा. स्ट्रेचरवर छाती, कंबर आणि पायांचे पट्टे सगळेच लावतात, खांद्यांचे पट्टे मात्र गादीखाली पडून राहतात. जोरात ब्रेक लागला की रुग्ण डोक्याच्या दिशेने सरकतो, त्याला अडवतात ते हेच दोन पट्टे.

हृदय बंद पडलेल्या माणसाला उचलून गाडीत घालण्याची घाई करू नये. धावत्या गाडीत छातीदाब नीट बसत नाही. आहे तिथेच कठीण जमिनीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तीस दाबांमागे दोन श्वास. दोन मिनिटांनी माणूस बदलावा; दाबणाऱ्याला थकवा जाणवण्याआधीच खोली कमी झालेली असते. अशा वेळी दोघे अपुरे पडतात, म्हणून पाळीवर नसलेला तिसरा माणूस घटनास्थळी थेट पोचेल अशी सोय असावी.

फोन घेणाऱ्याने आधी ठिकाण विचारावे, मग फोन क्रमांक, मग काय झाले ते. फोन तुटला तरी गाडी निघू शकते. पुढचे प्रश्न दोनच: शुद्धीवर आहे का, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का? ‘अधूनमधून घोरल्यासारखा श्वास घेतोय’ असे उत्तर आले तर श्वास चालू आहे असे धरू नये. छातीदाब सुरू करायला सांगावे आणि गाडी पोचेपर्यंत फोन ठेवू नये. तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला असेल (ही पक्षाघाताची लक्षणे), तर ‘शेवटचे ठीक कधी पाहिले?’ याचे उत्तर घड्याळातल्या वेळेसह लिहून घ्यावे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

रुग्ण उतरवल्यावर गाडी लगेच उपलब्ध दाखवू नये. रक्त पडले असेल तर आधी पुसून घ्यावे, मग एक टक्का हायपोक्लोराइट (जंतू मारणारे ब्लीचचे द्रावण) दहा मिनिटे राहू द्यावे (पाच टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग त्याचा, चार भाग पाणी, आणि रोज ताजे). सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. वापरलेले साहित्य भरून नोंद झाली की मग पुढचा फोन घ्यावा.

आणि गाडीत मोबाइलवर रुग्णाचा फोटो काढणाऱ्याचे नाव, तो कितीही कामाचा असला तरी, त्याच दिवशी यादीतून कमी करावे.

आपले,
रुग्णवाहिका सेवेतील काही स्वयंसेवक