डोलोरेसला नुसती 'आवाज' म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रॉकमधल्या बायकांवर आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक आवाजावर आणि दिसण्यावर, गाणं लिहिलं कोणी हे कुणी विचारतच नाही. आयर्लंडच्या क्रॅनबेरीज बँडच्या डोलोरेस ओ'रिऑर्डनच्या बाबतीत मला हे फार खटकतं.

लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकन गावची ही मुलगी, चर्चमध्ये गायची, ऑर्गन वाजवायची. 1990 साली या बँडचा गायक सोडून गेला आणि ही ऑडिशनला आली, तेव्हा गिटारिस्ट नोएल होगनने तिला नुसत्या कॉर्ड्सची कॅसेट दिली आणि ती त्यावर शब्द आणि चाल बसवूनच परत आली, तेच 'लिंगर', जे नंतर अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलं. वय 18! आता हिला नुसती गायिका कसं म्हणायचं?

आणि 'झॉम्बी' तर शब्द-संगीत सगळं तिचं एकटीचं. मार्च 1993 मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आयआरएने (उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवू पाहणारी आयरिश सशस्त्र संघटना) भर बाजारात कचऱ्याच्या डब्यांत बॉम्ब ठेवले, त्यात 3 आणि 12 वर्षांची दोन मुलं गेली, त्यावरच हे गाणं आहे. आधीची तिची गाणी हळुवार, पण इथे तिला गिटार कर्कश हवी होती आणि ड्रम्स जोरात, कारण राग तसाच होता. दक्षिणेत, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडमध्ये राहणाऱ्या हिला ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडमधलं काय कळतं अशी टीका झाली. मला ती पटत नाही, तिने कुणाची बाजू घेतलीच नव्हती, लेकरं मारून आमच्या नावावर खपवू नका एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते आयरिश माणसाने म्हणणं जास्त अवघड होतं. आपल्याकडे कॉलेजचे बँड हे गाणं दणक्यात वाजवतात, सगळे कोरस ओरडतात, पण पहिल्याच ओळीत मूल गेलंय हे किती जणांना माहीत असतं?

पुढे 2007 मध्ये सोलो अल्बम, मग पुन्हा बँड, मध्ये बायपोलर या मानसिक आजाराचा त्रास. 15 जानेवारी 2018 ला लंडनच्या हॉटेलात ती गेली, फक्त 46 वर्षांची. तिने रेकॉर्ड करून ठेवलेल्या डेमोंवरून बँडमधल्या बाकी तिघांनी 2019 मध्ये 'इन दी एंड' हा अल्बम पूर्ण केला, त्याला ग्रॅमीचं नॉमिनेशनही मिळालं.

तर विनंती एवढीच, पुरवणीत अशा बायकांवर लेख येतील तेव्हा गाण्याच्या नावापुढे गीतकार-संगीतकाराचं नावही छापा, हिंदी-मराठी गाण्यांना छापता तसंच.

आपली,
एक वाचक, सांगली